सवाईचे बी

जालना शहरातून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले की वीसेक किलोमीटरांवर बदनापूर येते. जालन्यात १९६४ साली महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली महिको, उभी राहिली आणि खाजगी बियाणे उद्योगाचे माहेर म्हणून या गावाचे नाव देशभर झाले. पुढे बेजो शीतल, कृषिधन, कलश अशा कंपन्याही इथेच वाढल्या. बदनापुरात परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तिथून निघालेल्या तुरीच्या वाणांच्या नावात 'बीडीएन' ही अक्षरे येतात, ती बदनापूरचीच. जालन्यातल्या कंपनीचे हायब्रीड बी दरवर्षी दुकानातून आणावे लागते. बदनापूरच्या तुरीचे बी एकदा आणले आणि नीट राखले, तर दोन-तीन हंगाम घरच्या घरी चालते, शेजाऱ्याला देता येते, लेकीच्या सासरीही पोचते. एकाच रस्त्यावर, एकाच काळ्या मातीत बियाण्याचे हे दोन इतिहास घडले आहेत. त्यांची सांगड घातली, तर संगणकाच्या जगात गेली तीस वर्षे ज्याचा काथ्याकूट चालू आहे, त्या प्रश्नावर बराच उजेड पडतो.

प्रश्न असा. लिनक्स नावाची संगणकप्रणाली हजारो लोकांनी मिळून, कोणाच्याही मालकीची न ठेवता घडवली. तिची संहिता कोणीही वाचावी, बदलावी, दुसऱ्याला द्यावी. पुढे कंपन्या आल्या, त्यांनी तिच्यावर धंदा उभारला, शेअर बाजारात नाव नोंदवले. मग जी माणसे केवळ जीव लावून या प्रणालीशी जोडली गेली होती, त्यांनी तिच्याशी एकनिष्ठ का राहावे? आपण घडवलेली वस्तू दुसरा विकतो आहे, हे पाहून ती निघून का जात नाहीत? सर्वसाधारण समज असा की मोकळी वस्तू बाजारात आली की बाटते आणि समाज तिच्यापासून तुटतो. जालन्याचा इतिहास हा समज खोडून काढतो. मोकळे बी इथे बाजारात आले, विकले गेले, त्यावर माणसे श्रीमंत झाली, आणि तरीही शेतकऱ्यांनी ते आपले मानले. निष्ठा ढळली ती विक्रीमुळे नव्हे. बी घरी परतण्याची वाट जिथे बंद झाली, तिथे ती ढळली.

ही परतीची वाट म्हणजे काय, हे सांगायला खेड्यातली जुनी रीत पुरेशी आहे. पेरणीच्या तोंडावर ज्याच्या कणगीत बी उरलेले नसे, तो भावकीतल्या कोणाकडून पायली-दोन पायल्या बी आणी आणि खळ्यावर रास पडली की पायलीला सव्वा पायली परत घाली. याला सवाई म्हणत. दीडपट द्यायचे असेल तर दिढी. सावकाराच्या हाती पडल्यावर याच रीतीचा फास झाला, हे खरेच आहे, आणि त्याचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण बरोबरीच्या माणसांमध्ये ती चालत असे तेव्हा तिच्यात एक शहाणपण होते. परत येणारे दाणे दिलेले दाणे नसत. ते दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या पाण्यावर, दुसऱ्याच्या नजरेखाली निवडले गेलेले असत. देणाऱ्याचे बी अशा फेऱ्यांतून गावभर पसरे. एका वर्षी त्याचे स्वतःचे पीक बुडाले, तरी त्याचा वाण बुडत नसे. तो चार घरी जिवंत असे. बी फुकट नव्हते, त्याची किंमत मोजली जाई. पण ते मोकळे होते. इंग्रजीत या दोन्ही गोष्टींना 'फ्री' हा एकच शब्द असल्यामुळे मोकळ्या सॉफ्टवेअरच्या चळवळीला आपले म्हणणे वर्षानुवर्षे उलगडून सांगावे लागले. मराठीत 'फुकट' आणि 'मोकळे' हे शब्द मुळातच वेगळे आहेत, ही आपली सोय.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८९ मध्ये त्यासाठीचा सार्वजनिक परवाना लिहून काढला. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो या परवान्याखाली आणला. परवान्याचे सार सवाईच्या रीतीशी जुळणारे आहे. घ्या, वापरा, बदला, हवे तर विका. मात्र ज्याला द्याल, त्याला मूळ संहितेसकट द्या आणि तुम्हाला मिळाली तेवढीच मोकळीक त्यालाही द्या. विकण्याला यात कुठेही बंदी नाही. अडवलेली गोष्ट एकच, वाट मध्येच बुजवणे. म्हणून या प्रणालीवर धंदा उभा राहणे हे त्या समाजाच्या दृष्टीने पाप नव्हते. रेड हॅट ही कंपनी १९९९ मध्ये शेअर बाजारात गेली, तेव्हा तिने संहिता लिहिणाऱ्या बाहेरच्या माणसांसाठी काही शेअर राखून ठेवले. त्या कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे. तिने २००४ मध्ये मोकळ्या परवान्याखाली खुले केलेले 'लोहित' अक्षरसंच अनेकांनी पडद्यावर मराठी वाचताना नकळत वापरले आहेत. जालन्याच्या मोंढ्यातला भाव ज्या अँड्रॉइड फोनवर पाहिला जातो, त्याच्याही तळाशी लिनक्सचाच गाभा चालतो.

आता जालन्याकडे वळू. बद्रीनारायण बारवाले हे हैदराबाद मुक्तिसंग्रामात उतरलेले तरुण. निजामाचे राज्य १९४८ मध्ये संपल्यावर ते शेतीत आणि व्यापारात रमले. दिल्लीच्या १९५९-६० च्या जागतिक कृषी प्रदर्शनात त्यांनी मक्याचे संकरित वाण पाहिले. मात्र त्यांच्या धंद्याचा पाया घातला तो भेंडीने. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'पुसा सावनी' हा वाण तयार केला होता. भेंडीवर हळद्या पडला की पानांच्या शिरा पिवळ्या होतात, मग सगळे पान पिवळे पडते, फळ पांढरट आणि आखूड राहते आणि ते बाजारात कोणी हातात धरत नाही. पुसा सावनी या रोगाला दाद देत नव्हती, आणि हा गुण तिला मिळाला होता बंगालमधल्या एका भेंडीपासून. म्हणजे मूळ पुंजी कुठल्या तरी अनाम शेतकऱ्यांची, त्यावरचे संशोधन सरकारी पैशाचे, आणि निघालेला वाण सगळ्यांना मोकळा. बारवाल्यांनी हे बी आणले, वाढवले आणि विकले. वाणावर त्यांचा कसलाही हक्क नव्हता. हेच बी दुसरा कोणीही वाढवू शकत होता, आणि विकत घेणारा शेतकरीही पुढच्या वर्षी झाडावर चार फळे वाळवून स्वतःचे बी धरू शकत होता.

मग लोकांनी पैसे कशाचे मोजले? बी शुद्ध असल्याचे, उगवेल याच्या खात्रीचे आणि वेळेवर हाती येण्याचे. शेतात उभे राहून वेगळी दिसणारी झाडे वेळीच उपटणे, दुसऱ्या भेंडीपासून पुरेसे अंतर राखणे, बी वाळवून पोचट दाणे वेगळे काढणे, हे काम कष्टाचे आणि कंटाळवाणे असते. ते इमानाने करणाऱ्याला शेतकरी पैसे द्यायला तयार होता, वाण मोकळा असला तरी. रेड हॅटने हेच केले. संहिता सगळ्यांची होती. कंपनी विकत होती ती तपासणी, दुरुस्ती आणि हाकेला धावण्याची हमी. राष्ट्रीय बीज निगम १९६३ मध्ये स्थापन झाले, बियाणे कायदा १९६६ चा. म्हणजे प्रमाणीकरणाची सरकारी घडी नीट बसण्याआधीच जालन्यात एका माणसाच्या शब्दावर बी विकले जात होते. बारवाल्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, २००१ मध्ये पद्मभूषण. त्या गौरवाबद्दल लिहिताना बहुतेक जण संकरित बियाण्यांपासून सुरुवात करतात. मला त्याआधीची भेंडी जास्त महत्त्वाची वाटते. कोणाचीही मालकी नसलेल्या वस्तूवर विश्वासाचा व्यापार उभा राहू शकतो, ही गोष्ट जालन्याने सॉफ्टवेअरवाल्यांच्या तीस वर्षे आधी करून दाखवली होती.

यानंतर संकरित बियाण्यांचे पर्व आले. मक्याचे पहिले संकरित वाण १९६१ मध्ये आले, ज्वारीचा सीएसएच-१ हा १९६४ मध्ये, बाजरीचा एचबी-१ त्याच्या पुढच्या वर्षी. दोन वेगळ्या वाणांचा संकर केला की पहिल्या पिढीत जोम येतो; त्या पिकाचे दाणे पुन्हा पेरले की तो विस्कटतो, कोणी उंच, कोणी बुटके, कोणी उशिरा निसवणारे. परतीची वाट इथे कायद्याने नव्हे, निसर्गानेच अडवली. तरीही शेतकऱ्याने हे बी उचलले, आणि १९७२ च्या दुष्काळानंतर याच ज्वारीने कितीतरी घरांत भाकरी पोचवली. माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप इथेच येतो. बी घरी परतत नाही हे ठाऊक असूनही लोकांनी संकरित वाण घेतले, तेव्हा मोकळेपणाशी निष्ठा वगैरे सगळे मनाचे खेळ आहेत; शेतकरी उत्पन्न पाहतो. आक्षेपात तथ्य आहे. पण दोन गोष्टी त्यात सुटतात. सुरुवातीच्या या संकरांचे नर-मादी वाण सरकारी संशोधनाचे होते आणि बियाणे तयार करू पाहणाऱ्याला ते मिळत होते. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राने १९८० च्या दशकात दिलेला एनएचएच-४४ हा संकर असाच सार्वजनिक होता आणि महाराष्ट्रभर पेरला गेला. म्हणजे बी घरी परतत नसले, तरी ते घडवण्याची कृती समाजाच्या हातात होती. दुसरी गोष्ट भाषेची. हे धान्य खाऊनही मराठी माणसाने 'हायब्रीड' हा शब्द कमकस, बेचव, वरवरचे अशा अर्थाने रूढ केला. पोट भरणाऱ्या वस्तूला भाषेने दिलेली ही जागा निष्ठेची खचितच नाही. गरज आणि निष्ठा यांतला फरक लोकांना नेमका कळत होता.

जालन्याच्या परिसरात मात्र संकराने एक वेगळे नाते निर्माण केले, ते बीजोत्पादकांचे. कंपनी नर आणि मादी वाणांचे बी देते, शेतकरी 'प्लॉट' घेतो आणि तयार बी ठरल्या भावाने कंपनीला घालतो. कपाशीचे बी धरायचे तर उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरावी लागते. अंगठ्याच्या नखाने तिच्या बुडाशी चीर देऊन पाकळ्या आणि पुंकेसरांचे टोपण अलगद ओढून काढायचे, आतल्या कोवळ्या बीजांडकोशाला नख लागू द्यायचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, नर झाडाचे फूल त्या उघड्या कुक्षीवर फिरवायचे आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधायचा. असे रोज शेकडो कळ्यांचे, दोन-अडीच महिने. हे काम मुख्यत्वे बायकांनी केले आहे. देशाच्या कपाशीचा जोम ज्या बोटांतून गेला, त्या बोटांची नावे कुठल्याच पाकिटावर छापलेली नाहीत. प्लॉटधारकाच्या घरी पैसा आला, विहिरी झाल्या, पोरे शिकली. कंपनीवरचा त्यांचा विश्वास खरा होता आणि त्याला आधारही होता. पण ती कामाची आणि दामाची बांधिलकी होती. वाण त्यांच्या शेतात जन्मत होता आणि तरी त्यांचा नव्हता.

वाट खऱ्या अर्थाने बुजली ती बीटी, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या, कपाशीत. महिको आणि अमेरिकेची मोन्सॅन्टो यांनी १९९८ मध्ये भागीदारीत कंपनी काढली आणि २६ मार्च २००२ रोजी बीटी कपाशीच्या तीन संकरांना मंजुरी मिळाली. अमेरिका, चीन, ऑस्ट्रेलिया या देशांत बीटीचे जनुक सरळ वाणांत आले. भारतात ते संकरात आले आणि वर्षानुवर्षे संकरातच राहिले. म्हणजे निसर्गाचे कुलूप होतेच, त्यावर कराराचे दुसरे लागले. सुरुवातीच्या काळात ४५० ग्रॅमचे पाकीट सोळाशे रुपयांच्या वर गेले होते आणि त्यातले साडेबाराशे रुपये निव्वळ जनुकाच्या वापराचे शुल्क म्हणून जात. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे धाव घेतली आणि २००६ मध्ये किंमत साडेसातशेवर आली. पुढे केंद्राने किंमत नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ मध्ये शुल्क ४९ रुपये झाले आणि २०२० मध्ये शून्यावर आले. याच काळात नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने 'बिकानेरी नरमा बीटी' हा सरळ वाण आणला होता. त्याचे बी घरी धरता आले असते. पण त्यात मोन्सॅन्टोच्याच जनुकाचा अंश सापडला आणि तो मागे घ्यावा लागला. कपाशी बाजारात मोकळेपणाने परतण्याची ती संधी हुकली, याची चुटपुट वाटते. सार्वजनिक संस्थेचा असा एक प्रयत्न फसला, की त्याचे मोल पुढची दहा वर्षे शेतकरी मोजतो.

बीटीने बोंडअळीपासून सुरुवातीला दिलासा दिला, फवारण्या कमी झाल्या, उत्पादन वाढले. हे नाकारणे खोटेपणाचे होईल. तरीही या बियाण्याभोवती जमलेल्या गर्दीला निष्ठा म्हणता येत नाही. जून उजाडला की एका विशिष्ट नावाच्या पाकिटासाठी दुकानासमोर रांग लागते, ते जादा दराने विकले जाते, आणि दोन-तीन हंगामांत तेच नाव मागे पडून दुसऱ्या नावासाठी तशीच रांग लागते. वाणाचे गुणदोष गावाने पारखून, जोपासून, एकमेकांना सांगून ठरवण्याची प्रक्रियाच इथे उरत नाही, कारण पारखायला बी हातात राहत नाही. यावर सांगितले जाते की शेतकरी स्वतःच तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागतो आहे. अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे १० जून २०१९ रोजी शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेली तणनाशक-सहनशील कपाशी उघडपणे पेरली आणि त्याला सविनय कायदेभंग म्हटले. त्याआधी २००१ मध्ये गुजरातेत 'नवभारत १५१' हे बिगरपरवाना बीटी बियाणे सापडले, तेव्हा शेतकरीच त्याच्या बाजूने उभे राहिले. ही उदाहरणे माझ्या विरोधात दिली जातात. मला ती माझ्या बाजूची वाटतात. गुजरातेत त्या कपाशीची पुढची पिढी गावोगाव घरी धरली गेली, नवे संकर शेतांत केले गेले, बी हातोहात फिरले. कायद्याच्या आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात गंभीर दोष होते. पण लोकांनी तंत्रज्ञान हाती लागताच पहिल्यांदा काय केले, तर त्याला सवाईच्या रीतीत ओढून आणले.

नावाचा आणि वस्तूचा हक्क वेगळा करण्याची एक बारीक सोय या दोन्ही जगांत सापडते. भारताच्या २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यातले कलम ३९ सांगते की संरक्षित वाणाचे बीसुद्धा शेतकरी राखू शकतो, पेरू शकतो, बदलू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो. फक्त ते नाममुद्रेच्या पिशवीत घालून विकता येणार नाही. सेंटओएस या लिनक्सच्या आवृत्तीचा पायाही हाच. रेड हॅटची मोकळी संहिता घ्यायची, तिच्यावरची कंपनीची नावे आणि बोधचिन्हे काढायची, आणि तीच प्रणाली साध्या नावाने सगळ्यांना द्यायची. कंपनीचे नाव कंपनीचे, आतला दाणा सगळ्यांचा. वर्षानुवर्षे हे चालले आणि रेड हॅटचे त्यात बुडाले नाही. आयबीएमने २०१९ मध्ये ही कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेतली तेव्हाही लोक बिथरले नाहीत. ते बिथरले डिसेंबर २०२० मध्ये, सेंटओएस त्या रूपात बंद होणार असे जाहीर झाल्यावर. लगोलग रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभ्या राहिल्या. जून २०२३ मध्ये मूळ संहिता मुख्यतः ग्राहकांपुरती ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा पुन्हा तीच चीड उसळली. किती पैशाला विकली, याने समाज हलला नाही. घरी धरता येणारे बी बंद होते आहे असे दिसताच हलला.

बियाणे आणि सॉफ्टवेअर यांची तुलनाच चुकीची आहे, असेही म्हणता येईल. संहितेची लाखावी प्रत पहिल्या प्रतीइतकीच शुद्ध असते. बी मात्र हंगामागणिक झिजते, भेसळते, त्याला कीड लागते. सोयाबीनचेच बघा. हे पीक आपल्याच परागाने फळते, म्हणून वाण बिघडत नाही आणि घरचे बी चालते. पण दाण्याचे साल इतके नाजूक, की पोते उंचावरून आदळले तरी आतला अंकुर दुखावतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात विकतचे सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर कृषी खात्याने घरच्या बियाण्यावर आणि उगवण तपासण्यावर जोर दिला. पद्धत जुनीच आहे. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरा ओला तुकडा झाकायचा, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचे आणि सहा-सात दिवसांनी उलगडून मोजायचे. सत्तर अंकुर आले तर बी पेरणीजोगे. कमी आले तर एकरी प्रमाण वाढवायचे. म्हणजे बी झिजते हा आक्षेप खरा असला, तरी तो मोकळेपणाच्या विरोधात जात नाही. उलट मोकळ्या वस्तूला सतत राखणदार लागतात एवढेच त्यातून दिसते, आणि संहितेलाही ते लागतातच. कोणी दुरुस्त केली नाही तर तीही दोन-चार वर्षांत निकामी होते. कंपनीचे बी उगवले नाही तर शेतकऱ्याच्या हातात पावती असते. घरचे बी असेल तर पेरणीच्या पंधरवडाभर आधी गोणपाट असते.

सगळ्यांत जड आक्षेप पैशाचा आहे. वस्तू मोकळी ठेवली तर ती घडवणाऱ्याला काय मिळणार? याला महाराष्ट्रातलेच एक दुखरे उदाहरण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी दीड एकराच्या रानात वेगळ्या दिसणाऱ्या धानाच्या लोंब्या वेचून, वर्षामागून वर्षे निवड करत, भाताचा नवा वाण घडवला. घड्याळाच्या त्या काळच्या लोकप्रिय नावावरून तो 'एचएमटी' झाला आणि हातोहात अनेक राज्यांत पसरला. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याच्यावरून 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसारित केला. गिरण्यांनी, व्यापाऱ्यांनी त्यावर पैसा केला. खोब्रागडे मात्र अखेरपर्यंत ओढग्रस्तीत राहिले आणि ३ जून २०१८ रोजी गेले. हे वाचून कोणी म्हणेल की त्यांनी वाण कुलपात ठेवायला हवा होता. तसे केले असते तर तो नांदेड गावाबाहेर गेलाच नसता. चूक मोकळेपणाची नव्हती. घेणाऱ्यांनी सवाई परत घातली नाही, ही ती चूक. त्यांच्या वाणावरून चार पैसे मिळवणाऱ्या साखळीत परतफेडीचे बंधन कुठेच नव्हते. लिनक्सच्या परवान्याने निदान सुधारलेली संहिता ज्याला द्याल त्याला मोकळीच देण्याचे बंधन लिहून ठेवले. अमेरिकेत ओपन सोर्स सीड इनिशिएटिव्हने २०१४ मध्ये काही वाण प्रतिज्ञेसह खुले केले, जर्मनीत २०१७ पासून बियाण्यासाठी तसाच परवाना आहे. आपल्याकडे कायदा शेतकऱ्याला मोकळीक देतो, पण त्याच्या बियाण्यावर धंदा करणाऱ्याकडून परतफेड वसूल करण्यात तो दुबळा पडतो.

म्हणून बदनापूरच्या केंद्रासारख्या जागा मला मोलाच्या वाटतात. मर आणि वांझ हे तुरीचे दोन जुने वैरी. तिथल्या 'बीएसएमआर ७३६' या वाणाच्या नावातच बदनापूर आणि वांझ रोगाला तोंड देण्याचा गुण दोन्ही गुंफलेले आहेत. २०१२ च्या सुमारास आलेली 'बीडीएन ७११' ही पांढरी तूर साधारण दीडशे दिवसांत हाती येते, म्हणून हलक्या-मध्यम जमिनीतही पाऊस लवकर आटोपला तरी ती पदरात पडते. तिचा प्रसार जाहिरातीपेक्षा शेतावरच्या फेरफटक्यांतून आणि शेजारच्याचे पाहून झाला. तुरीवर मधमाशा फिरतात, त्यामुळे शेजारच्या रानातल्या दुसऱ्या वाणाचा पराग मिसळण्याची भीती असते. बी राखायचे तर शेताच्या मधोमधले पट्टे त्यासाठी सोडावे लागतात आणि वेगळी झाडे फुलोऱ्यातच उपटावी लागतात. हे करणारे शेतकरी आहेत. ते बी विकतात आणि घरच्या पेरणीलाही ठेवतात, आणि या दोन गोष्टींत त्यांना कसलाही विरोध दिसत नाही.

जालन्याच्या पहिल्या भेंडीचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. पुसा सावनीची ताकद काही वर्षांनी ओसरली आणि हळद्या तिच्यावरही पडू लागला. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या संशोधकांनी तिचाच संकर भेंडीच्या कुळातल्या दुसऱ्या एका जातीशी केला, आलेल्या रोपांचा पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर करत तिचे फळ आणि नव्या जातीचा चिवटपणा एकत्र आणला, आणि १९८५ मध्ये 'परभणी क्रांती' हा सरळ वाण प्रसारित झाला. बंगालातून दिल्लीला आणि दिल्लीहून मराठवाड्यात आलेले बी पाव पायलीची भर घालून मराठवाड्याने देशाला परत दिले. परभणी क्रांतीचे बी कंपन्यांनी विकले, राज्याच्या बियाणे महामंडळाने, म्हणजे महाबीजने, विकले, आणि गोदावरीच्या खोऱ्यात कितीतरी परसांत शेवटची चार निबर फळे आजही झाडावरच वाळू देतात.